अंगात दोन महिने राहणारे क्लोरोक्वीन आणि एका दिवसात निघून जाणारे प्रायमाक्वीन: जपायचे कोणाला?

हदगावकर विचारतात:

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ (वय २६, वजन सुमारे ६० किलो) रस्त्याच्या कामावर गडचिरोली जिल्ह्यात होता. पोळ्याला घरी आला तो अंगात कणकण घेऊनच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गोधड्या पांघरूनही त्याचे दात वाजायचे थांबेनात. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले, तेव्हा व्हायवॅक्स हिवताप निघाला. तेथून क्लोरोक्वीनच्या गोळ्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन अशा मिळाल्या. त्यांच्याच बरोबरीने प्रायमाक्वीन सुरू करून ते चौदा दिवस रोज घ्यायला सांगितले.

क्लोरोक्वीन संपले, ताप उतरला, भाकरी गोड लागू लागली. आता तो म्हणतो की ताप नाही तर गोळी कशाला, आणि काल त्याने प्रायमाक्वीन घेतलेच नाही. त्यात शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले आहे की हिवतापाची औषधे फार उष्ण असतात, त्यांनी डोळे जातात आणि लिव्हर खराब होते.

मी थोडे वाचन केले तर गोंधळ वाढलाच. क्लोरोक्वीन म्हणे शरीरात महिना-दोन महिने राहते आणि प्रायमाक्वीन एका दिवसात निघून जाते. माझा साधा हिशोब असा, की जे अंगात मुरून बसते तेच धोक्याचे असणार, आणि ते तर घेऊन झाले. जे लगेच निघून जाते ते निरुपद्रवी असणार, पण मग अशा औषधाने चौदा दिवसांत साधते तरी काय? शिवाय भावजय पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिलाही कालपासून ताप आहे. आशाताईंनी रक्ताचा नमुना नेला आहे, अहवाल यायचा आहे. मागच्या एका तापातल्या क्लोरोक्वीनच्या काही गोळ्या घरात पडून आहेत आणि भावाचे प्रायमाक्वीनही आहे. त्यातल्याच तिला सुरू कराव्यात असे आईचे म्हणणे आहे. डॉक्टरांवर अविश्वास मुळीच नाही, पण त्या दिवशी ओपीडीत इतकी गर्दी होती की हे सारे विचारायला सवडच मिळाली नाही.

परभणीचा फार्मासिस्ट:

आधी तातडीचे सांगतो. भावजयींना घरातली कोणतीही गोळी अहवाल येण्यापूर्वी देऊ नका, आणि प्रायमाक्वीन तर अहवाल काहीही आला तरी देऊ नका; गरोदरपणात ते वर्ज्य आहे. त्यामागचे कारण येथील डॉक्टर मंडळी अधिक नीट सांगतील, म्हणून मी औषधांच्या प्रवासापुरतेच लिहितो.

तुमचा हिशोब सरळ आहे, उत्तर मात्र नेमके उलटे येते. क्लोरोक्वीन पोटातून चांगले शोषले जाते आणि काही तासांत रक्तातील पातळी शिखरावर पोहोचते. पण ते रक्तात थांबत नाही, तर यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुफ्फुसे आणि डोळ्यांतील व त्वचेतील काळ्या रंगद्रव्याच्या पेशींत शिरून तेथे घट्ट बसते. आपल्याकडची काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते, तसे हे औषध ऊतींमध्ये मुरते आणि तेथून हळूहळू रक्तात झिरपत राहते. औषध शरीरात किती पसरले हे मोजण्यासाठी आमच्या शास्त्रात एक आकडा काढतात. क्लोरोक्वीनसाठी तो दर किलो वजनामागे शंभर लिटरहून अधिक येतो. माणसाच्या देहात इतके पाणी मावत नाही हे उघड आहे. आकड्याचा अर्थ एवढाच की जवळजवळ सगळे औषध ऊतींत आहे आणि रक्तात अगदी थोडे. म्हणूनच त्याचे अर्धे प्रमाण उतरायला महिना-दोन महिने लागतात. पहिले दोन दिवस चार-चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या का, याचेही उत्तर यातच आहे. आधी या तहानलेल्या ऊती भराव्या लागतात, तेव्हा कुठे रक्तात परजीवींना पुरेल इतकी पातळी टिकते. ज्यांना वाटते की चारऐवजी रोज एकेक घेतली तर "उष्ण" पडणार नाही, ते स्वतःला त्रास वाचवत नसून परजीवीला सवलत देत असतात.

काम ते असे करते. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन पचवतो, आणि त्या पचनातून हीम नावाचा लोहयुक्त भाग सुटतो, जो त्याच्यासाठीच विषारी असतो. एरवी परजीवी त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकतो. क्लोरोक्वीन नेमके हे स्फटिक होऊ देत नाही, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्यामुळे मरतो.

डोळ्यांची भीती अगदी निराधार नाही, पण ती या तीन दिवसांच्या उपचाराला लागू नाही. संधिवात किंवा ल्यूपससाठी क्लोरोक्वीन अथवा त्याचे भावंड हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते आणि म्हणून त्यांची नियमित नेत्रतपासणी करतात. हिवतापाच्या दहा गोळ्यांनी फार तर एखाद-दोन दिवस अंधुक दिसते. मळमळ, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांना खाज या तक्रारी मी दुकानात नेहमी ऐकतो. त्यातील बहुतेक आपोआप जातात. गोळ्या जेवणानंतर घेतल्या तर मळमळ बरीच कमी होते. मात्र मळमळ होते म्हणून लोक लगोलग आम्लपित्ताचे गुलाबी पातळ औषध पितात, त्याने क्लोरोक्वीन नीट शोषले जात नाही. दोहोंमध्ये निदान चार तासांचे अंतर ठेवावे. आणि एक खास सूचना: क्लोरोक्वीन हृदयाच्या विद्युत लयीवर थोडा परिणाम करते. ॲझिथ्रोमायसिन आणि उलटीसाठीचे ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन हेही तेच करतात. तापाच्या एकाच चिठ्ठीवर ही तिन्ही-चारही एकत्र आलेली मी पाहिली आहेत. तरुण निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही, पण घरात हृदयरोगी कोणी असेल तर ही सरमिसळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नये.

आता प्रायमाक्वीन. ते शोषले जाते तितक्याच वेगाने जाते. चार ते सहा तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फारसे काही उरत नाही. पण त्याचे काम वेगळ्याच ठिकाणी आहे. व्हायवॅक्सचे काही परजीवी रक्तात न येता यकृतात झोपून राहतात, त्यांच्यापर्यंत क्लोरोक्वीनचा परिणाम पोहोचत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि कोणताही नवा डास न चावता तोच ताप परत येतो. या झोपलेल्यांना मारणारे औषध म्हणजे प्रायमाक्वीन, आणि तेही स्वतः नव्हे. यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर करते, त्या रूपांतरित भागांतून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट पदार्थ तयार होतात आणि ते काम करतात. अशा औषधाचा साठा होत नाही, म्हणून ते रोज नव्याने द्यावे लागते आणि परिणाम एकूण मात्रेवर ठरतो. तुमच्या भावाच्या वजनाला रोज १५ मिलीग्रॅम, म्हणजे चौदा दिवसांत २१० मिलीग्रॅम. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. राहिलेली मात्रा शेवटी एक दिवस वाढवून पूर्ण करायची असते, पण पुन्हा सुरू करण्यापूर्वी केंद्रावर एकदा विचारून घ्या.

माहूरवासी:

वरील माहिती योग्य आहे, परंतु प्रायमाक्वीनबद्दल माझा अनुभव नोंदवणे मला आवश्यक वाटते. मला हेच औषध एका खासगी दवाखान्यात दिले गेले आणि देताना कोणी काहीही विचारले नाही की सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी लघवी दूध न घातलेल्या चहासारखी झाली, चौथ्या दिवशी डोळे पिवळे आणि जिना चढताना धाप लागू लागली. नांदेडला हलवले तेव्हा हिमोग्लोबिन इतके उतरले होते की रक्त चढवावे लागले. पुढे तपासणीत जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची कमतरता असल्याचे कळले. म्हणून "चौदा दिवस घ्या" एवढेच सांगून थांबू नये, अशी विनंती आहे.

नांदेडचे फिजिशियन:

माहूरवासी यांनी लिहिलेली गोष्ट या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती वाचून कोणी घाबरून गोळ्या फेकून देऊ नयेत म्हणून ती नीट समजावून सांगणेही तितकेच गरजेचे आहे.

तांबड्या रक्तपेशीला तिखट, ऑक्सिडीकारक पदार्थांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी एकच मार्ग असतो आणि त्या मार्गाच्या तोंडाशी जी-सिक्स-पी-डी हे विकर उभे असते. प्रायमाक्वीनचे जे भाग झोपलेल्या परजीवीला मारतात, तेच रक्तात फिरताना तांबड्या पेशींनाही झळ पोहोचवतात. विकर पुरेसे असेल तर पेशी ती झळ सहज सोसते. ते कमी असेल तर आतील हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे होतात, पेशी फुटते आणि हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडू लागते. त्यातही म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात, कारण पेशीच्या वयाबरोबर हे विकर घटत जाते. म्हणजे औषधाची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही एकाच गुणधर्मातून येतात, आणि मूळ प्रश्नातील "लगेच निघून जाते ते निरुपद्रवी" हा समज येथेच कोसळतो. औषध शरीरात किती काळ राहते आणि ते किती सुरक्षित आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यामुळे कमतरता पुरुषांत एकतर पूर्ण दिसते किंवा अजिबात नसते. स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकारच्या पेशींचे मिश्रण असू शकते आणि साध्या "आहे-नाही" सांगणाऱ्या चाचणीत अशी स्त्री निर्दोष ठरू शकते. भारतात आढळणाऱ्या प्रकारांची नावे मेडिटेरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण अशी आहेत. यांतील मेडिटेरेनियन प्रकार अधिक तीव्र. काही आदिवासी समाजांत आणि जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या आहे अशा भागांत कमतरतेचे प्रमाण जास्त आढळते, म्हणून किनवट-माहूरच्या पट्ट्यातील रुग्णाला ही चौकशी केल्याशिवाय प्रायमाक्वीन हातात ठेवणे मला पटत नाही. "पूर्वी कधी औषधाने किंवा तापात लघवी काळी झाली होती का? घरात कोणाला असे झाले आहे का?" हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सर्वत्र होत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावे. तिच्यात एक फसगत आहे, जी नवशिक्या डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. पेशी फुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर शरीर नव्या, कोवळ्या पेशी भराभर सोडते. त्यांत विकर भरपूर असते, आणि चाचणी खोटी दिलासादायक येते. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

तुमच्या भावाने पहिल्या दिवसापासून प्रायमाक्वीन घेतले आहे आणि लघवीचा रंग बदललेला नसेल, दम लागत नसेल, डोळे पिवळे नसतील तर ते चांगले लक्षण आहे, कारण त्रास व्हायचा असेल तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच दिसतो. हे लक्षण चाचणीची जागा घेत नाही, तरी केंद्रावरील डॉक्टरांना हे सांगितले म्हणजे पुन्हा सुरू करण्याचा निर्णय त्यांना घेता येईल. घाम येऊन पाणी कमी प्यायल्याने लघवी गडद पिवळी होते, ती वेगळी. काळ्या चहासारखी किंवा कोकम सरबतासारखी झाली तर गोळी त्याच क्षणी बंद करावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठ किंवा नखे निळसर दिसली तरीही दाखवावे. त्यात हिमोग्लोबिनचे रूप बदललेले असते आणि बहुतेकदा ते सौम्य असते. उपाशीपोटी घेतल्यास पोटात कळ येते, म्हणून जेवणानंतरच घ्यावे. कमतरता निघालीच तरी मार्ग बंद होत नाही. दर किलोमागे ०.७५ मिलीग्रॅम, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. दोन मात्रांमध्ये नव्या पेशी तयार व्हायला वेळ मिळतो, हे त्यामागचे तत्त्व. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरच्या घरी नव्हे. यकृताबद्दल म्हणाल तर ज्याचे यकृत आधीपासून ठीक आहे त्याला चौदा दिवसांत त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

भावजयींबद्दल. प्रायमाक्वीन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि गर्भातील बाळाचे विकर कसे आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून गरोदरपणात ते द्यायचे नाही. क्लोरोक्वीन मात्र गरोदरपणात सुरक्षित आहे आणि अहवालात व्हायवॅक्स आला तर ते पूर्ण मात्रेत द्यावेच लागते, कारण खरा धोका औषधाचा नसून न उपचारलेल्या हिवतापाचा असतो; तो आईला रक्तक्षय आणि बाळाला कमी वजन देतो. यकृतातील परजीवी तसेच राहणार असल्याने प्रसूतीपर्यंत आठवड्यातून एकदा क्लोरोक्वीन देऊन ताप दाबून ठेवता येतो. प्रायमाक्वीनचा विचार प्रसूतीनंतर, आई आणि बाळ दोघांची जी-सिक्स-पी-डी स्थिती पाहून आणि स्तनपान लक्षात घेऊन करायचा असतो. फाल्सीपेरम हा हिवतापाचा दुसरा परजीवी निघाला तर औषधच वेगळे आणि घाईही वेगळी.

हदगावकर:

सर्वांचे मनापासून आभार. भावाला हे सारे वाचून दाखवले. माहूरच्या बंधूंचा अनुभव ऐकून तो आधी चरकला, पण त्याची लघवी स्वच्छ आहे. केंद्रावर विचारले, त्यांनी पुन्हा सुरू करायला सांगितले आणि जी-सिक्स-पी-डीसाठी चिठ्ठीही दिली. एक शंका राहिली. त्याच्या बरोबर काम करणाऱ्या मुलाला गडचिरोलीतच ताप आला होता, त्याला वेगळ्याच पाकिटातल्या गोळ्या मिळाल्या आणि त्या तीन दिवसांतच संपल्या. एकाच जागी, एकाच डासाच्या चाव्याने आलेल्या तापाला औषधे वेगळी कशी?

किनवटचा निवृत्त हिवताप कर्मचारी:

डास तोच असला तरी परजीवी तोच असेल असे नाही. त्या मुलाला फाल्सीपेरम झाला असणार. आमच्या भाषेत व्हायवॅक्स म्हणजे पीव्ही आणि फाल्सीपेरम म्हणजे पीएफ. त्या पाकिटाबद्दल डॉक्टरसाहेब लिहितील. मी चौदा दिवसांच्या गोळ्यांबद्दल दोन गोष्टी लिहितो, कारण माझी नोकरी याच कामात गेली.

पूर्वी आम्ही ताप दिसला की स्लाइड घ्यायचो आणि अहवालाची वाट न पाहता क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या समोर खायला लावायचो. याला गृहीत उपचार म्हणत. स्लाइड पॉझिटिव्ह आली की मग समूळ उपचार, आणि त्यात प्रायमाक्वीन दीर्घकाळ पाचच दिवस दिले जाई. पाच दिवसांच्या मात्रेने ताप उलटण्याचे प्रमाण कमी होत नाही हे अभ्यासांतून दिसल्यावर चौदा दिवस आले. मला विचाराल तर गृहीत उपचार गेला हे चांगलेच झाले. प्रत्येक तापाला क्लोरोक्वीन चारण्याने परजीवीला त्या औषधाची ओळख आम्हीच करून दिली. आसामात १९७३ मध्येच फाल्सीपेरम क्लोरोक्वीनला दाद देईनासा झाला होता आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. डीडीटीला न जुमानणारे डास आणि ढिलाईही त्याला कारण होती, हे खरे. (जाता जाता सांगतो, रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात परजीवी दिसला तो सिकंदराबादेत, म्हणजे ज्या निजामी राज्यात आपला मराठवाडाही होता तेथेच. आमच्या खात्यात २० ऑगस्टला दरवर्षी कार्यक्रम व्हायचा, पण हे कोणी सांगत नसे.)

चौदा दिवस गोळ्या घेण्यात खरी अडचण औषधाची नसते, बरे वाटण्याची असते. चौथ्या दिवशी माणूस शेतात जातो, ऊसतोडीला गाडी लागली तर सामानासकट निघून जातो, आणि गोळ्या आढ्याला टांगलेल्या पिशवीत राहतात. मी पाकिटावर बॉलपेनने चौदा तारखा लिहून द्यायचो आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरावर रोज एक तारीख खोडण्याचे काम सोपवायचो. मोठी माणसे विसरत, पोरे विसरत नसत. तुमच्या घरात असे कोणी असेल तर करून पाहा.

नांदेडचे फिजिशियन:

किनवटच्या बंधूंचे अनुमान बरोबर वाटते. फाल्सीपेरमसाठी दिले जाणारे पाकीट हे आर्टेमिसिनिन गटातील औषध आणि त्याच्या जोडीला दुसरे औषध, असे असते. महाराष्ट्रात आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन देण्याची पद्धत राहिली आहे, तर ईशान्येकडील राज्यांत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनला प्रतिकार दिसल्यानंतर आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन आणले गेले.

ही जोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातही तोच काळाचा खेळ आहे. आर्टेसुनेट शरीरात गेल्यावर त्याचे डायहायड्रोआर्टेमिसिनिन होते आणि त्याचे अर्धे आयुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, तासाभराचेही नसते. पण त्या अल्पकाळात ते परजीवीतील लोहाशी भिडून इतका विध्वंस करते की परजीवीच्या ४८ तासांच्या एका चक्रात त्याची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटते. इतके वेगवान दुसरे औषध हिवतापात नाही. चीनच्या तू यूयू यांनी १९७२ मध्ये एका पारंपरिक औषधी वनस्पतीतून या गटाचा मूळ पदार्थ आर्टेमिसिनिन वेगळा केला आणि २०१५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. मात्र इतक्या लवकर ओसरणारे औषध एकटे दिले तर तीन दिवसांत शंभरातला शेवटचा परजीवी मरत नाही. तो उरलेला मारण्यासाठी रक्तात काही दिवस टिकणारा जोडीदार लागतो. त्याच कारणाने भारतात तोंडाने घेण्याच्या एकट्या आर्टेमिसिनिन गोळ्यांवर २००९ मध्ये बंदी घातली गेली.

सुरक्षिततेच्या बाजूने: सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला सल्फाडॉक्सिन देऊ नये, कारण क्वचित पण फार गंभीर त्वचाविकार उद्भवू शकतो. लुमेफॅन्ट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलेच जात नाही. कोऱ्या चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, पेलाभर दूध किंवा शेंगदाण्याच्या चटणीसह भाकरी पुरते. गंभीर हिवतापात आर्टेसुनेट शिरेतून देतात. पूर्वी तेथे क्विनाइन असे. कानात गुणगुण, रक्तातील साखर अचानक उतरणे हे त्याचे त्रास आम्ही शिकताना वॉर्डात पाहिले आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह आशियातील चार देशांतल्या मोठ्या चाचणीत क्विनाइनवरील रुग्णांत २२ टक्के आणि आर्टेसुनेटवरील रुग्णांत १५ टक्के मृत्यू झाले, तेव्हापासून क्विनाइन मागे पडले. आर्टेसुनेटच्या इंजेक्शनानंतर मात्र एक ते चार आठवड्यांत काहींच्या तांबड्या पेशी उशिराने फुटतात, म्हणून बरे होऊन घरी गेलेल्याचे हिमोग्लोबिन पुन्हा एकदा पाहावे लागते. हा प्रकार जी-सिक्स-पी-डीशी निगडित नाही.

तुमच्या भावाला येत्या महिन्याभरात किंवा पुढच्या काही महिन्यांत पुन्हा थंडी वाजून ताप आला तर रक्त नव्याने तपासून घ्यावे. गडचिरोलीहून आलेल्यांत दोन्ही परजीवी एकत्र असू शकतात आणि पहिल्या तपासणीत एक निसटू शकतो.

हदगावकर:

भावजयीचा अहवाल आला, व्हायवॅक्सच आहे. केंद्रातून तिला नवीन क्लोरोक्वीन मिळाले, पहिली मात्रा तेथेच नर्सबाईंनी समोर बसवून दिली. पंधरा मिनिटांनी सगळे उलटून पडले, तेव्हा त्यांनी ती मात्रा पुन्हा दिली. हे योग्य झाले ना? आणि आईने जपून ठेवलेल्या जुन्या गोळ्यांचे काय करावे? ती म्हणते, असू दे, अडीअडचणीला कामी येतील.

परभणीचा फार्मासिस्ट:

योग्यच झाले. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर औषध पोटातून पुढे गेलेले नसते, म्हणून पूर्ण मात्रा पुन्हा देतात. दुसरीही उलटली असती तर घरी न थांबता परत जावे लागले असते. उद्याची मात्रा थोडे खाऊन घ्यायला सांगा.

जुन्या गोळ्या घरात ठेवू नका. मुदत गेली असेल-नसेल हा दुय्यम भाग झाला. मी वर लिहिले की क्लोरोक्वीन ऊतींत मुरून बसते; तेथे ते शांत असते. पण ते मुरण्यापूर्वी, पहिल्या काही तासांत, मात्रा प्रमाणाबाहेर गेली तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते, आणि हे अर्ध्या-एक तासातही घडू शकते. चालायला लागलेल्या मुलाने एक-दोन गोळ्या तोंडात टाकल्या तरी ते प्राणघातक ठरू शकते. वर्षभराने तुमच्या घरात रांगणारे मूल असेल आणि भावजयींच्या आठवड्याच्या गोळ्याही प्रसूतीपर्यंत घरात येत-जात राहतील. म्हणून जुन्या गोळ्या केंद्रावर किंवा ओळखीच्या मेडिकलवर नेऊन द्या, आणि नव्या गोळ्या देवघराच्या फळीवर किंवा उशाशी न ठेवता कुलपाच्या कपाटात, त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. प्लास्टिकच्या पुडीत सुट्या करून ठेवल्या की दोन महिन्यांनी त्या कशाच्या आहेत हे तुमच्या आईंनाही सांगता येणार नाही.